मनोरुग्णांच्या संस्था पुण्या-ठाण्यात टिकल्या, मग खान्देशात का नाही? पेशंटसोबत आलेल्या माणसापासून सुरू होणारं उत्तर

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाला आहेत त्या, की मुक्तांगण (पुण्याचं व्यसनमुक्ती केंद्र), आयपीएच (ठाण्याची मानसिक आरोग्याची संस्था), सा (स्किझोफ्रेनियावर काम करणारी पुण्याची संस्था) यांसारख्या मानसिक आरोग्याच्या आणि कुटुंबांसोबत काम करणाऱ्या संस्था तीस-चाळीस वर्षं कशा टिकल्या, त्यांची सुरुवात कशी झाली, आणि जळगाव-धुळे-नंदुरबारात तेवढी जुनी नि मोठी संस्था का दिसत नाही, देणगीदार नाहीत म्हणून का. प्रश्न चांगलाय आणि उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ताई, देणगीदारांचं कारण मी सगळ्यात शेवटी धरेन. आपल्याकडे केळीवाले आहेत, जिनिंगवाले आहेत, डाळ मिलवाले आहेत, सराफ बाजार आहे, देवळाला आणि शाळेला देतातच ना लोक. मी जळगावात सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून काम करत आलोय, म्हणजे डॉक्टरांच्या केबिनबाहेर जे टेबल असतं, जिथे आधी हिस्टरी लिहून घेतात आणि नंतर गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावतात, त्या टेबलामागचा माणूस. तिथून बघितलं तर मला या सगळ्या संस्थांच्या इतिहासात एक धागा दिसतो. पेशंटसोबत जो माणूस येतो, आई, बायको, मोठा भाऊ, त्याला ज्यांनी नुसतं सही करायला न ठेवता कामाला लावलं त्या संस्था टिकल्या. बाकीच्या एखाद्या भल्या डॉक्टरच्या उमेदीपर्यंत चालल्या आणि मग पाटी राहिली.

आधीचं चित्र काय होतं ते बघा. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. ठाण्याचं 1901 चं. खान्देशाच्या वाट्याला एकही नाही. कायदा 1912 चा, नावच भारतीय वेडेपणा कायदा म्हणावं असं, आणि तो चालला कुठवर तर 1987 चा नवीन कायदा 1993 मध्ये प्रत्यक्ष लागू होईपर्यंत. त्या जुन्या कायद्यात भरती म्हणजे मॅजिस्ट्रेटचा हुकूम, पोलीस, कागद. नातेवाइकाचं काम काय, अर्ज करायचा, सोडून यायचं. जळगावहून येरवड्याला एकदा सोडलेला माणूस भेटायला परत कोण जाणार, पेरणी सोडून, भाडं खर्चून? मग पत्ते बदलतात, आई-बाप जातात, भाऊ वेगळे होतात, आणि बरा झालेला माणूस सुद्धा तिथेच राहतो. नातेवाईक निष्ठुर असतात असं लोक म्हणतात ते मला पटत नाही, पद्धतच अशी होती की घराला दारातूनच परत पाठवायचं.

हे उलटं करता येतं हे आपल्याच देशात फार लवकर दिसलं होतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर होते, 1950 च्या दशकात, फाळणीनंतरचे दिवस, जागा कमी, माणसं कमी. त्यांनी हॉस्पिटलच्या आवारात तंबू ठोकून घेतले आणि नातेवाइकांना पेशंटसोबत तिथे राहायला लावलं. घरचे लोक बघत होते, शिकत होते, एकमेकांशी बोलत होते, आणि पेशंट लवकर घरी जात होता कारण घर आधीच तयार झालेलं होतं. नंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही नातेवाइकाने सोबत राहायची पद्धत धरली. त्याच दशकात क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजारावरचं औषध आलं होतं, 1952 पासून वापरात, आणि पहिल्यांदाच असं झालं की कोंडून न ठेवता, गोळीवर, माणूस घरात राहू शकतो. गोळी आली म्हणजे घराचं काम वाढलं हे मात्र फार कमी लोकांच्या लक्षात आलं. गोळी रोज देणार कोण, तो थुंकतोय का बघणार कोण, हात थरथरायला लागले तर डॉक्टरला सांगणार कोण?

अमेरिकेत या चळवळीची सुरुवात तर चक्क एका पेशंटने केलीय. क्लिफर्ड बिअर्स नावाचा माणूस, स्वतः हॉस्पिटलात मार खाल्लेला, त्याने 1908 मध्ये आपला अनुभव पुस्तकात लिहिला आणि त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये संस्था काढली, पुढच्या वर्षी देशपातळीवरची. त्याच संस्थेने 1953 मध्ये देशभरच्या मनोरुग्णालयांतल्या जुन्या साखळ्या आणि बेड्या गोळा करून, वितळवून, तीनशे पौंडांची घंटा ओतून घेतली. ती संस्था आजही चालूय.

आता फॅमिली सर्व्हिसचा जो भाग तुम्ही विचारलात त्याचा उगम वेगळा आहे, आणि एमएसडब्ल्यूला हे शिकवतात पण घाईत शिकवतात. मुंबईत 1936 मध्ये सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, आजचं टिस, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी चाइल्ड गाइडन्स क्लिनिक सुरू केलं. मूल बिघडलंय म्हणून आणतात आणि बोलायला लागतं ते आई-बापाशी, हे तिथपासून. मग 1984 मध्ये टिसनेच मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष चालू केला, पोलिसांच्या छताखाली पण सोशल वर्करने चालवलेला, आणि पुढे राज्य सरकारने तो प्रकार जिल्ह्याजिल्ह्यात नेला. कौटुंबिक न्यायालयाचा कायदाही 1984 चाच. म्हणजे मानसिक आजाराची गाडी एका रुळावर आणि घरातल्या भांडणाची, मारहाणीची दुसऱ्या. आपल्या ओपीडीच्या बाकड्यावर मात्र दोन्ही एकत्रच येऊन बसतात. सासरचे लोक फाइल घेऊन येतात, डोक्यावर परिणाम झालाय तिच्या, लिहून द्या, आणि फाइलमध्ये असतं काय तर झोपेच्या गोळीची एक चिठ्ठी. त्यांना पाहिजे असतं सोडचिठ्ठीचं कारण. हिंदू विवाह कायद्यात ते कारण आहे पण निव्वळ निदानावर ते भागत नाही, आजार किती आणि कसा, एकत्र राहणं खरंच अशक्य आहे का, हे कोर्टात सिद्ध करायला लागतं. हे सांगितलं की निम्मी मंडळी फाइल उचलून जातात. उरलेल्यांमध्ये कधी कधी खरंच आजारी बाई असते, डिलिव्हरीनंतर बिघडलेली, आणि मारही खात असते. तिला तुम्ही फक्त गोळ्या दिल्या किंवा फक्त पोलीस केस केली तर दोन्ही अर्धवट.

मुक्तांगणकडे येतो, कारण खान्देशातल्या लोकांना पुण्यातली माहीत असलेली संस्था हीच, आणि बऱ्याच घरांत कुणीतरी तिथे जाऊन आलेलं असतं. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, आपण गर्द म्हणायचो, पुण्या-मुंबईच्या पोरांमध्ये घुसली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशाची मदत देऊ केली आणि विचारलं की यावर काही करता येईल का. डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदाताई, तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात सायकियाट्रिस्ट होत्या. तिथल्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 ला मुक्तांगण सुरू झालं, उद्घाटन पुलंच्याच हातून. स्वतःची इमारत नंतर आली. लेखकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं म्हणून लोक इतिहास अवचटांपासून सांगतात, पण आत जाऊन आलेल्यांना विचारा, ते मोठ्या मॅडमचं, म्हणजे सुनंदाताईंचं, नाव घेतात. रोजचा व्याप त्यांनी ओढला, आणि 1997 मध्ये त्या गेल्या. अशा वेळी संस्था मोडते बघा, संस्थापक गेला की दोन वर्षांत भांडणं नि चार वर्षांत कुलूप. इथे तसं झालं नाही.

का झालं नाही याचं माझं उत्तर असं आहे. मुक्तांगणात बरे झालेले पेशंटच पुढे तिथले कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. पस्तीस दिवसांचा मुक्काम संपवून बाहेर पडणारा माणूस समोर ज्याला बघतो तो आधी त्याच कॉटवर झोपून गेलेला असतो. आणि दुसरं, बायकांचा गट, सहचरी नावाचा. दारुड्याच्या बायकोला वर्षानुवर्षं असं शिकवलेलं असतं की तूच नीट वागली असतीस तर तो प्यायला नसता. तिला दुसरी बाई भेटते जिने हेच ऐकलंय. तिला मग कळतं की नवऱ्याची उधारी आपण फेडणं, साहेबांना फोन करून आज त्यांना ताप आहे सांगणं, हे सगळं त्याच्या पिण्याला मदत करणं आहे. ही कल्पना तशी जुनी, अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचे स्वमदत गट, 1935 मध्ये सुरू झालं आणि नातेवाइकांसाठीची अल-अनॉन 1951 मध्ये, तीही बायकांनीच उभी केलेली. पण मराठीत, आपल्या सासू-नणंदेसकट, ती बसवायला मुक्तांगणला स्वतःचं डोकं लावायला लागलं. पुढे स्त्रियांच्या व्यसनासाठी निशिगंध हा वेगळा विभाग निघाला. लोक म्हणतात बायका कुठे पितात. ओपीडीत बसा मग कळेल, तपकीर-मिश्रीपासून झोपेच्या आणि खोकल्याच्या औषधापर्यंत.

आयपीएच थोडक्यात सांगतो. ठाण्यात 23 मार्च 1990 ला डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केली. तिचा मोठा हिशोब असा की आजारी नसलेल्या माणसालाही दारात यायला लाज वाटू नये, म्हणून विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम, पालकांसाठी वर्ग, मैत्र ही फोनवरची हेल्पलाइन, आणि ती चालवायला ट्रेनिंग घेतलेले साधे स्वयंसेवक, कुणी गृहिणी, कुणी रिटायर्ड बँकवाले. शहरात हे मॉडेल मस्त चालतं कारण रिटायर्ड बँकवाला तिथे भरपूर सापडतो. चोपड्यात, शहाद्यात तोच माणूस पेन्शन घेऊन शेतीला लागलेला असतो.

आता सा, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, आणि ताई, ही गोष्ट तुम्हाला कॉलेजात कुणी सांगितली नसेल तर मला खरंच वाईट वाटेल, कारण ती आपल्या धुळ्याच्या माणसाची आहे. डॉ. जगन्नाथ वाणी मूळ धुळ्याकडचे, कॅनडाला गेले, कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला, म्हणजे भास होणं, भलते संशय येणं असा आजार. म्हणजे हे सायकियाट्रिस्ट नव्हते, सोशल वर्कर नव्हते, पेशंटसोबत आलेला माणूस होते. घरात वर्षानुवर्षं तो आजार सांभाळला, तिकडे नातेवाइकांच्या संघटना कशा चालतात ते बघितलं, आणि 1997 मध्ये पुण्यात सा ची स्थापना केली. कॅनडा सरकारने पुढे ऑर्डर ऑफ कॅनडा देऊन त्यांचा सन्मान केला. 2017 मध्ये ते गेले. सा ने काय केलं, तर शुभार्थींचे आणि शुभंकरांचे, म्हणजे आजार असलेल्यांचे आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचे स्वमदत गट चालवले. धायरीला पुनर्वसन केंद्र काढलं, जिथे माणूस दिवसा येतो, काम करतो, घरी जातो. 24 मे हा स्किझोफ्रेनिया दिन जाहीरपणे पाळायला लागले, त्या काळी हा शब्द उच्चारला तरी लोक खुर्ची सरकवायचे. आणि 2004 मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा देवराई हा सिनेमा आला त्यामागेही हेच लोक होते. त्या सिनेमानंतर मला ओपीडीत एक फरक स्पष्ट दिसला, लोक आजाराचं नाव विचारायला लागले. त्याआधी विचारायचे ते फक्त बरा होईल का एवढंच.

चेन्नईच्या स्कार्फ या स्किझोफ्रेनियावरच्या संस्थेचंही नाव घेतलं पाहिजे, 1984 ची, डॉ. शारदा मेनन यांनी काढलेली, आणि गोव्याच्या संगतचं, 1996 ची, ज्यांनी दाखवून दिलं की डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच माणसाला नीट शिकवलं तर डिप्रेशनचं समुपदेशन तो चांगलं करू शकतो. पण ही दोन्ही नावं संशोधनात जास्त मोठी आहेत, मी त्यात शिरत नाही.

तर आता खान्देश. आपल्याकडे काहीच नाही असं म्हणू नका, छोटी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, जळगाव-नंदुरबारलाही आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम सिव्हिलला असते. तो कार्यक्रम देशात 1996 पासून आहे, त्याच्या मागचा राष्ट्रीय कार्यक्रम 1982 चा. अडचण वेगळी आहे. पुण्याच्या गटाला येणारा पालक पीएमटी पकडून येतो, म्हणजे आता पीएमपी, आणि संध्याकाळी घरी असतो. आमच्याकडे रावेरचा माणूस जळगावला यायचा म्हणजे मजुरी बुडते, पेशंटला सांभाळत बसमध्ये बसवायचं, तो मध्येच उतरून गेला तर? साक्रीचा धुळ्याला जातो. धडगाव-मोलगीचा माणूस तर आधी नंदुरबारला उतरेल आणि तिथून गाडी बघेल ती सुरतेची, कारण पोरगा तिकडेच कामाला असतो. मोठं काही असलं की महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर पुणे. जिथे दर महिन्याला भेटायचं त्या जागा तीन दिशांना फाटलेल्या असल्या की गट बनत नाही, आणि गट नाही तर संस्थेचा पायाच नाही. पाया म्हणतोय म्हणजे इमारत नाही हं, तेच ते दहा-बारा लोक जे बोलावल्याशिवाय येतात.

दुसरं कारण हंगाम. आमच्या फॉलोअपच्या रजिस्टरमध्ये कापूस वेचणीच्या दिवसांत रिकाम्या रकान्यांची रांगच लागते. जूनमध्ये पेरणी, तेव्हाही तेच. ऊसतोडीला गेलेली घरं दिवाळीनंतर गायब, ती उन्हाळ्यातच परत. बायपोलरचा, म्हणजे मूड दोन टोकांना जाणाऱ्या आजाराचा पेशंट, लिथियम या औषधावर, रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करायला पाहिजे, आणि तो आहे गुजरातेत उसाच्या फडावर, उन्हात, पाणी कमी पिऊन, त्यात लिथियमचं प्रमाण अंगात वाढून विषबाधा होऊ शकते. शहरातल्या पुस्तकात हे प्रकरण नसतं. अशा घरांसाठी आम्ही डॉक्टरांना विचारून स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला महिन्याच्या इंजेक्शनवर आणायचा प्रयत्न करतो आणि सोबत चिठ्ठी देतो, कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवा म्हणून. चिठ्ठी मराठीत आणि औषधांची नावं गुजरातीत सुद्धा लिहून, कारण तिकडचा कंपाउंडर आपलं मराठी अक्षर वाचत बसत नाही.

तिसरं कारण म्हणजे बाहेरचं. आई टेबलासमोर बसते आणि म्हणते, पोऱ्याले बाहेरनं शे, म्हणजे पोराला बाहेरची बाधा आहे. आधी भगताकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जाऊन झालेलं असतं, सातपुड्यात त्याला बडवा म्हणतात, मग बुलढाण्याकडे सैलानीच्या दर्ग्याची वारी, होळीच्या यात्रेला गर्दी बघा तिथे. माझे काही सहकारी यावरून नातेवाइकांना झापतात. मला ते कधी आवडलं नाही. ती बाई अंगावरचं मोडून पोराला चार ठिकाणी फिरवून आणतेय, तिच्यासारखा चिकाटीचा कार्यकर्ता तुम्हाला पगार देऊन मिळणार नाही. तिला मी एवढंच सांगतो, तिकडे जायचं तर जा, गोळी बंद करू नका, आणि कुठेही साखळीने बांधू देऊ नका. साखळीवर मी अडून बसतो. तामिळनाडूत एरवडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली आणि बांधून ठेवलेले 28 लोक जळून गेले, पळताच आलं नाही त्यांना. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आता स्पष्ट मनाई आहे, कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला.

आता एक बैठक कशी असते ते सांगतो, म्हणजे मी गट गट करतोय ते काय ते कळेल. तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी लोक गावात येतातच, भाडं वेगळं पडत नाही. झेडपी शाळेची एक खोली, बाकं छोटी, मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली, बाहेर मिरच्यांचा बाजार म्हणून सगळ्यांना ठसका. यावलकडची एक बाई म्हणते, डाक्टर गोया देस, पन पोऱ्या खास नही, म्हणजे डॉक्टर गोळ्या देतात पण पोरगा खात नाही. मग सांगते की ती वरणात गोळी कुस्करून घालते आणि आता पोरगा तिच्या हातचं जेवतच नाही, म्हणतो तू विष घालते. मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातला एक म्हातारा, एसटीतून रिटायर झालेला, बोलतो. माझ्या भावाला आम्ही पण असंच दिलं, बाई, आणि एका दिवसात भरवसा गेला तो परत यायला वर्ष गेलं. आता सकाळच्या चहाबरोबर, त्याच्या हातावर, त्याला सांगून, तोही बघतो मीही बघतो, आणि ज्या दिवशी नको म्हणतो त्या दिवशी भांडण करत नाही, संध्याकाळी परत विचारतो. आठवडाभर नाहीच घेतली तर डॉक्टरकडे मी एकटा जातो. हे सगळं मलाही सांगता आलं असतं, ट्रेनिंग आहे माझं. माझ्या तोंडून बाईने मान डोलावली असती. त्याच्या तोंडून ऐकल्यावर तिने विचारलं, वर्ष गेलं तर तोवर तो जेवायचा कुठे? आणि पुढचा अर्धा तास ते दोघंच बोलत होते.

त्याच बैठकीत कुणीतरी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास हमखास विचारतं, लग्न लावून दिलं तर सुधरेल का. याचं उत्तर गटातल्या सुना देतात आणि ते छापण्यासारखं नसतं. पण ते ऐकून दोन-तीन लग्नं तरी थांबली, किंवा समोरच्या घराला खरं सांगून झाली, आणि खरं सांगून झालेली टिकलेली मी बघितलीत.

पैशाचं आणि कागदाचं पण सांगतो कारण ते विचारलंय. आपल्याकडे सोसायटी कायदा 1860 चा आणि सार्वजनिक विश्वस्त कायदा 1950 चा, दोन्हीखाली धर्मादाय आयुक्ताकडे नोंदणी होते, नंतर आयकर सवलतीच्या नोंदण्या, ज्यांना लोक 12 ए, 80 जी म्हणतात, आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी, घ्यायचा तर त्याची वेगळी नोंदणी. हे अवघड नाही, सीए करून देतो. ज्या क्षणी तुम्ही पेशंटला राहायला ठेवाल त्या क्षणी 2017 चा कायदा लागतो आणि मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची होते, डॉक्टर, नर्स, जागेचे निकष, सगळं. आपल्याकडचे बरेच उत्साही लोक इथूनच चुकतात, पहिल्याच दिवशी वीस कॉटचं केंद्र काढतात, मग भाडं, जेवण, वॉर्डबॉय यात देणगी संपते आणि घरच्यांशी बोलायला माणूसच उरत नाही. मग काही ठिकाणी काय होतं ते तुम्हीही ऐकलं असेल, दाराला कुलूप, नातेवाइकाला महिनाभर भेटबंदी, मारहाण. केंद्र कुठलंही असो, घरच्यांना आत येऊ देत नसेल तर तिथे पेशंट पाठवायचा नाही, एवढा नियम मी पाळतो.

लोकांना हातात देण्यासारख्या गोष्टी कमी नाहीत. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलाय, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, निघतं, आणि 40 टक्के किंवा जास्त असेल तर त्यावर संजय गांधी निराधार या सरकारी अनुदानाचा अर्ज करता येतो. राष्ट्रीय न्यासाच्या योजना मात्र मानसिक आजाराला लागू होत नाहीत, त्या मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांग यांच्यासाठी आहेत, 1999 च्या कायद्यातच तसं आहे, लोकांना चकरा मारायला लावू नका. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर 2022 पासून चालूय. आणि आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्या पोराच्या बापाला पहिलं वाक्य हे सांगा की 2017 च्या त्याच कायद्याच्या कलम 115 मुळे पोराला आता गुन्हेगार धरत नाहीत, तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं असतं. बापाच्या डोक्यात पोलीस असतात म्हणून तो फवारणीचं औषध चुकून पोटात गेलं असं सांगतो, आणि मग त्या पोराशी पुढचं कुणी बोलतच नाही.

तुमच्याबद्दल म्हणाल तर डिग्री झाली की संस्था काढू नका लगेच. हिरे कॉलेजच्या किंवा सिव्हिलच्या ओपीडीला जाऊन विचारा, आठवड्यातला एक ठरलेला वार नातेवाइकांसाठी मला द्या म्हणून, ते नाही म्हणत नाहीत, त्यांच्याकडे माणूसच नसतो. मग शिरपूर, साक्री, दोंडाईचा यातलं एकच गाव धरा, बाजाराचा दिवस बघा, खोली मागा. भाषा अहिराणी ठेवा, तुम्हाला येत असेलच, नसेल तर आजीकडून शिका, पुस्तकी मराठीत बाई डोकं दुखतं एवढंच सांगते. पहिले काही महिने दोघं-तिघं येतील, कधी कुणीच येणार नाही, खोली उघडून बसायचं. हजेरीपेक्षा कोण दुसऱ्यांदा आलं ते वहीत लिहा, आणि जो बोलावल्याशिवाय पुढच्याला घेऊन येतो त्याच्या नावासमोर खूण करा. अशा खुणा पाच-सहा जमल्या की मग रजिस्ट्रेशनचं बघा.

आणि रजिस्ट्रेशन करताना घटना जी लिहाल, वकील तयार नमुना पुढे करेल, त्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार, सल्लागार डॉक्टर एवढंच असतं. त्यात एक कलम घालून घ्या की कार्यकारिणीच्या निम्म्या जागा शुभंकरांना आणि बरं होऊन काम करणाऱ्या शुभार्थींना राहतील, आणि त्या रिकाम्या ठेवता येणार नाहीत. वकील म्हणेल कशाला अडकवून घेता, कोरम भरणार नाही. घालाच.